एकच काम येणारं यंत्र

“मॅडम, यात फक्त पुस्तकंच वाचता येतात हो. त्यापेक्षा टॅब घ्या. त्यात सगळं होतं.”

काउंटरपलीकडचा मुलगा मनापासून सांगत होता. वय पंचविशीचं, बोलणं अदबीचं. मी आईसाठी ई-रीडर घ्यायला गेले होते आणि बाई पैसे वाया घालवताहेत, असं त्याला खरोखरच वाटत होतं. घरी येईपर्यंत त्याचा तो ‘फक्त’ माझ्या डोक्यात घोळत राहिला. वाचायला म्हणून यंत्र घ्यायचं आणि त्यात फक्त वाचताच येतं म्हणून नाक मुरडायचं? पोळपाटावर फक्त पोळ्याच लाटता येतात, म्हणून कुणी पोळपाट परत करत नाही.

‘सगळं होतं’ हे वाक्य मी त्याआधी एकदा ऐकलं होतं आणि ऐकून फसले होते. आई शहात्तरची. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. जन्मभर ग्रंथालयाची पुस्तकं बदलून आणणारी बाई, पण आता बारीक टाइप सोसत नाही आणि चारशे पानांची कादंबरी मनगटाला पेलत नाही. ‘वाचायचं राहून गेलेलं’ असं म्हणत तिने कालनिर्णयच्या जुन्या पानामागे अकरा पुस्तकांची यादी केली. ती घेऊन मी दुकानात गेले आणि टॅब घेऊन आले.

पहिल्या आठवड्यात चाळीस पानं झाली. मग गाडी अडली. एका दुपारी मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. ती वाचत असते, आणि वरून एक पट्टी खाली घसरते. भाच्याच्या मुलाचा फोटो. पट्टी दोन ओळी झाकते आणि चार-पाच सेकंदांनी आपोआप निघून जाते. तेवढ्यात आईचं बोट तिच्यावर पडलेलं असतं. फोटोवरून घरच्यांचा ग्रुप, ग्रुपवरून कुणी पाठवलेला उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ, त्याच्याखाली आपोआप सुरू होणारा दुसरा. रात्री म्हणाली, “आज वाचायचं राहूनच गेलं गं.” तीन महिन्यांनी पुस्तक एकेचाळिसाव्या पानावर होतं.

यात आईचा दोष नाही. तिच्या हातातल्या त्या पडद्यावर दहा-पंधरा अ‍ॅप होती आणि वाचणाऱ्या माणसाला पुन्हा आपल्याकडे ओढायला प्रत्येकाच्या मागे हुशार, भरपूर पगाराची माणसं कामाला बसलेली असतात. पुस्तकाच्या बाजूने मात्र कुणीच नसतं. कादंबरीतलं पात्र काही घंटी वाजवून बोलावत नाही.

“मग नोटिफिकेशन बंद करायची,” असं माझा भाऊ म्हणाला. केली. पण व्हिडिओचं चित्र तिथेच होतं, अंगठा एकदा सरकवण्याच्या अंतरावर. मिठाईचं दुकान बंद केलं, पण काचेचं कपाट समोरच ठेवलं, अशातली ती गत. म्हणून दुसऱ्यांदा दुकानात गेले आणि त्या मुलाच्या ‘फक्त’चे पैसे मोजून आले.

आता हे यंत्र वेगळं कशाने आहे ते नीट पाहू, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. टॅबचा पडदा हा दिवा आहे. तो उजळतो म्हणून अक्षर दिसतं. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, एकमेकांविरुद्ध विद्युतभाराचे. खालून वीज दिली की कुठे पांढरे वर येतात, कुठे काळे, आणि पान उमटतं. उमटलं की तसंच राहतं. वीज लागते ती पान उलटतानाच. म्हणून टॅबला रोज नाही तर एकाआड एक दिवस चार्जर शोधावा लागतो आणि ई-रीडर दोन-तीन आठवडे चार्जरची आठवण काढत नाही. बोस्टनजवळच्या एमआयटीतल्या मंडळींनी १९९७ मध्ये यासाठी ‘ई इंक’ ही कंपनी काढली. सोनीने २००४ मध्ये जपानात या पडद्याचं ‘लिब्रिए’ आणलं, अ‍ॅमेझॉनचं किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आलं. आयपॅड त्यानंतर, २०१० मध्ये. तेव्हापासून ‘आता वेगळा रीडर कशाला’ हा प्रश्न विचारला जातोय आणि वाचणारी माणसं तो घेतच आहेत.

या पडद्याचे तोटेही सरळ आहेत. पान उलटताना तो क्षणभर काळा लवतो. व्हिडिओ त्याच्या कुवतीबाहेरचा. रंगीत ई-इंक आता मिळतं, पण रंग वर्तमानपत्राच्या पुरवणीसारखे फिके येतात. आईच्या वाचनाला यातलं काहीच आड येत नाही.

हाताचा हिशेब करू. सहा-सात इंची ई-रीडर भरतो दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम. दहा-अकरा इंची टॅब जवळपास अर्धा किलो, वर कव्हर. उताणं पडून छातीवर धरून वाचणाऱ्याला हा फरक दहाव्या मिनिटाला कळतो. लोकलमध्ये एक हात वरच्या कडीत असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटायचं, तर अर्धा किलोचं धूड कुर्ला ते दादरसुद्धा पेलवत नाही. आणि खिडकीतून ऊन आलं की टॅबमध्ये आपलाच चेहरा दिसतो, ई-रीडरवरचं अक्षर मात्र आणखी ठळक होतं. कागदाचा गुण आहे तो.

आता डोळे. इथे दोन्ही बाजूंनी इतकी थापेबाजी चालते की राग येतो. ‘टॅबचा निळा प्रकाश डोळे खराब करतो’ असं सांगून चष्मे विकले जातात. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची अकादमी स्पष्ट सांगते की पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्याला इजा होते याला पुरावा नाही आणि त्यासाठी खास चष्म्याची गरज नाही. डोळे चुरचुरतात ते पापण्या कमी लवतात म्हणून. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवणारी पापणी पडद्याकडे टक लावल्यावर निम्म्याच्याही खाली येते. उपाय फुकटचा आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघायचं. खिडकीबाहेरचं झाड चालतं.

झोपेचं मात्र खरं आहे. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बारा जणांना झोपण्याआधी चार तास वाचायला दिलं, सलग पाच रात्री उजळ पडद्यावर आणि पाच रात्री छापील पुस्तकातून. पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप लागायला साधारण दहा मिनिटं जास्त लागली आणि झोप आणणारं मेलाटोनिन सुमारे दीड तास उशिरा वर चढलं. बारा माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि चार तास पूर्ण उजेडात वाचणं हेही रोजचं नव्हे. पण लक्षात ठेवायची गोष्ट निराळीच आहे. अभ्यासाच्या नावात शब्द होता ‘ई-रीडर’, आणि लोकांच्या हातात दिला होता आयपॅड. त्यावरून ‘ई-रीडरने झोप उडते’ असे मथळे जगभर झळकले. एका यंत्राची शिक्षा दुसऱ्याला.

आजकालच्या ई-रीडरलाही दिवा असतो, हे सांगायला हवं. पण तो पडद्याच्या मागे नसतो. कडेच्या बारीक दिव्यांचा उजेड पानावर पसरवला जातो आणि तिथून परतून आपल्याकडे येतो. तो हवा तितका मंद करता येतो, बहुतेक नव्या यंत्रांत पिवळसरही करता येतो. आई रात्री तो अगदी खाली ठेवते. बाबांची झोप मोडत नाही.

इतकं वाचून ‘चला, ई-रीडरच घेऊ’ म्हणून उठू नका. मराठी वाचणाऱ्याचा खरा पेच पुढेच आहे.

आपलं कितीतरी मराठी डिजिटल वाचन पीडीएफमध्ये आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी मोलाची पुस्तकं फुकट उतरवून घ्यायला ठेवली आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं मोफत पुस्तकं घरपोच करतंय. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेत. जुन्या ग्रंथांची स्कॅन केलेली पानं आहेत. यातलं बरंचसं पीडीएफ. आणि पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा. ते पान छोट्या पडद्यावर छोटं होतं, नव्याने वाहत नाही.

गणित करून बघा. आपलं नेहमीचं डेमी आकाराचं पुस्तक साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची ई-रीडर म्हणतात ते कर्णाचं माप. पडदा प्रत्यक्षात साधारण साडेतीन बाय पावणेपाच. अख्खं पान त्यात बसवलं की ते निम्म्याहून थोडं मोठं उरतं आणि बारा पॉइंटचं अक्षर सात पॉइंटच्याही खाली जातं. आईने मंडळाचं एक जुनं चरित्र तसं उघडलं आणि पाच मिनिटांत मिटलं. “मुंग्यांची रांग आहे ही,” म्हणाली. मोठं करून डावीकडून उजवीकडे सरकवत वाचता येतं, पण दर ओळीला दोनदा सरकवत कुणी चरित्र वाचत नाही. तेच पान दहा इंची टॅबवर जवळजवळ मूळ आकारात दिसतं. इथे टॅब निर्विवाद जिंकतो.

म्हणून पुण्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षा देणारी पोरं टॅब घेऊन बसतात ते बरोबरच आहे. त्यांना नकाशे हवेत, रंगीत आकृत्या हव्यात, नोट्सवर खुणा करायच्यात, एका बाजूला प्रश्नपत्रिका उघडायची आहे. चित्रकथा, कला, स्वयंपाकाची फोटोवाली पुस्तकं, लहान मुलांची चित्रमय पुस्तकं, सगळी टॅबवरच उघडावीत. शिवाय टॅबवर अनेक दुकानांची अ‍ॅप एकत्र नांदतात. बुकगंगावरचं पुस्तक बुकगंगाच्या अ‍ॅपमध्ये, किंडलचं किंडलच्या. ई-रीडर मात्र बहुधा एकाच दुकानाशी लग्न लावून आलेला असतो.

या लग्नाची दुसरी बाजूही पाहून ठेवा. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही पुस्तकं त्यांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, माफीही मागितली. पण आपल्या कपाटातलं पुस्तक दुकानदार रात्रीतून नेऊ शकतो, हे जगाला कळलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घेण्याची सोयही गेली. टॅब घेतला म्हणून यातून सुटका नाही, कारण अ‍ॅपमधलं पुस्तकही त्याच दोरीने बांधलेलं असतं. म्हणून माझा आग्रह असा की जिथे कुलूप नसलेली ईपब फाइल मिळते, तिथे ती घ्यावी आणि आपल्याकडे जपून ठेवावी. ईपबमधला मजकूर पाण्यासारखा असतो, भांडं लहान असो की मोठं, त्यात नीट बसतो. अक्षर आजीच्या मापाचं करा नाहीतर नातवाच्या. बहुतेक ई-रीडर ती थेट उघडतात आणि किंडलवरही २०२२ पासून ती पाठवता येते.

आता देवनागरीकडे. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये आली, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. यंत्र आल्यावर नऊ वर्षांनी. उशिरा का होईना, आली. पण अक्षर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्याकडे वर्षानुवर्षं पुस्तकं श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. ती युनिकोडमध्ये नेताना घाई केली की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, वेलांटी एक घर आधी पडते. ज्याने मुद्रितं वाचली आहेत त्याला ते खड्यासारखं लागतं. तेव्हा नमुन्याची पानं आधी उघडा आणि ‘दुसऱ्या’, ‘उत्कृष्ट’, ‘तऱ्हा’, ‘मूर्च्छा’ असे शब्द शोधा. ते नीट दिसले तर पुस्तकाची कुणीतरी काळजी घेतली आहे.

आणखी एक. स्वस्तात जुना ई-रीडर मिळत असेल तर त्याचे इंचामागचे ठिपके विचारा. काही वर्षांपूर्वीची स्वस्तातली यंत्रं १६७ ठिपक्यांची होती, आता ३०० असतात. इंग्रजीला १६७ चालून जातात. आपल्या अक्षराला वर मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर असा तीन मजली संसार असतो. त्याला ३००च हवेत.

तर मग काय घ्यायचं? माझं मत सरळ आहे. तुम्ही गेल्या वर्षभरात वाचलेली तीन पुस्तकं आठवा. कथा, कादंबरी, आत्मचरित्र, ललित, म्हणजे सलग वाहणारा मजकूर असेल, तर ई-रीडर घ्या, आणि वाचन म्हणजे दोन नोटिफिकेशनच्या मधल्या वेळातला विरंगुळा नाही हे घरच्यांना सांगा. पाठ्यपुस्तकं, स्कॅन, रंग, आकृत्या असतील, तर दहा इंची टॅब घ्या आणि निदान वाचनाच्या तासाला त्याचं इंटरनेट बंद ठेवा. घरात आधीच टॅब असेल तर नवीन काही घेण्याआधी महिनाभर त्यावर एक पूर्ण कादंबरी वाचून बघा. संपली तर पैसे वाचले. आणि वर्षभरात एकही पुस्तक आठवत नसेल, तर दोन्ही घेऊ नका. ग्रंथालयाची वर्गणी भरा. यंत्र वाचनाची सवय लावत नाही. असलेली सवय फार तर सांभाळतं.

आई आता रोज रात्री वाचते. अक्षर इतकं मोठं ठेवते की पानावर जेमतेम तेरा-चौदा ओळी मावतात, आणि दर मिनिटाला अंगठा पडद्याच्या उजव्या कडेला टेकतो. मोठ्या टाइपातलं मराठी पुस्तक बाजारात शोधून काढावं लागतं. इथे तिने ते स्वतःच स्वतःसाठी छापून घेतलं आहे. परवा मी जेवायला हाक मारली तर म्हणाली, “थांब गं, एवढं प्रकरण संपू दे.” हे वाक्य मी तिच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकलं.

पण कालनिर्णयच्या पानामागची ती यादी अजून फ्रिजवर आहे. अकरापैकी चारच पुस्तकं नीट ई-आवृत्तीत मिळाली. एक मिळालं ते पीडीएफ, मुंग्यांच्या रांगेचं. उरलेल्या सहांसाठी मी प्रकाशकांना फोन केले. दोघांनी उचलला. एक म्हणाले, “ई-बुकला मागणीच नाही हो.” मी म्हटलं, मागणी तुमच्याशीच बोलतेय.

प्रकाशकांना वाटणारी ई-पुस्तकांच्या चोरीची भीती खरी आहे, मला मान्य आहे. पण स्कॅन करून फिरवणारे तुमच्या परवानगीसाठी थांबलेले नाहीत. थांबली आहे ती पैसे द्यायला तयार असलेली शहात्तर वर्षांची बाई. ग्रंथालयांनाही यात काही करता येईल. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रभर हजारो सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं २०११ पासून किंडलवर पुस्तकं उसनी देतात. आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयाने दहा ई-रीडर घेऊन डोळे अधू झालेल्या सभासदांना ते आळीपाळीने दिले, तर कितीतरी थांबलेली वाचनं पुन्हा सुरू होतील. त्यासाठी आधी पुस्तकं हवीत, मुद्रितं तपासलेली, ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ जागेवर असलेली.

यंत्र तयार आहे. आईचे डोळे तयार आहेत. सहा पुस्तकं यायची आहेत.